थोडा थोडा डिस्चार्ज

पंढरी शिगवण ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत इलेक्ट्रिशियन होता. पोटात दुखतंय हे त्याने तीन दिवस कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. चौथ्या दिवशी एका गाडीच्या खाली वायरिंग बघायला शिरला आणि बाहेरच येईना. तेव्हा त्याच्याबरोबर काम करणाऱ्या साईनाथने त्याला खांद्याला धरून बाहेर काढलं, रिक्षात घातलं आणि नौपाड्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलात नेलं.

अपेंडिक्स फुटलं होतं. त्यात साखरेचं दुखणं जुनं. रतन टिटवाळ्याहून धावतपळत पोचली तोवर नवऱ्याला ऑपरेशनला आत घेतलेलं. फॉर्मवर सही साईनाथने केली होती. 'नाते' असं छापलेल्या ठिकाणी त्याने बिनदिक्कत 'भाऊ' लिहिलं होतं आणि पुढे स्वतःचा मोबाइल नंबर.

"वहिनी, खोटं लिहिलंय, पण विचारत बसलो असतो तर उशीर झाला असता," तो म्हणाला.

"खोटं कुठंय त्यात?" रतन म्हणाली.

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतरचे आठ दिवस रतनने तिथल्या बाकावर काढले. लेक करिश्मा नाशिकला, तिचं बाळ एक महिन्याचं, ती यायला निघाली होती. रतननेच नको म्हणून सांगितलं. दिवसभर ऐकू यायचा तो एकच शब्द. डिस्चार्ज. राउंडला डॉक्टर आले की प्रत्येक खाटेवरून तोच प्रश्न. समोरच्या खाटेवरच्या आजोबांना डिस्चार्ज मिळाला तेव्हा त्यांच्या सुनेने सगळ्या वॉर्डला बर्फी वाटली. रतनचं शिक्षण गावच्या शाळेत नववीपर्यंत, त्यात इंग्रजीचे मास्तर वर्षातून सहा महिने रजेवर. पण हा शब्द तिच्या तोंडात असा बसला, की रोज सकाळी ती नर्सला विचारायची, "सिस्टर, आमचा डिस्चार्ज कधी?"

पंढरीला मात्र तो शब्द आवडत नव्हता.

"आमच्याकडे डिस्चार्ज म्हणजे गाडी उभी," तो पडल्या पडल्या म्हणायचा. "बॅटरी डिस्चार्ज झाली की सेल्फ मारत नाही. मग चार माणसं लागतात धक्का मारायला. आणि हितं लोक बर्फी वाटतात."

"बोलू नका जास्त. टाके दुखतील."

शुक्रवारी दुपारी तो शब्द एकदाचा त्यांच्या वाट्याला आला. नर्सने गोळ्या समजावल्या, चार पानांचा इंग्रजी कागद हातात दिला, मंगळवारी दाखवायला यायचं म्हणाली. कागदाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत डिस्चार्ज लिहिलेलं रतनला एकेक अक्षर जुळवत वाचता आलं. शेवटच्या पानावर खाली एका ओळीत तोच शब्द पुन्हा दिसला. तो तिथे का आहे हे तिला कळलं नाही, आणि विचारावंसंही वाटलं नाही. घरी जायचं होतं ना, मग कागदावर तेच असणार.

टिटवाळ्याला त्यांचं घर नव्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर. लिफ्ट अजून सुरू व्हायची होती. पंढरी प्रत्येक जिन्यावर बसत बसत वर आला आणि घरात शिरल्या शिरल्या पंख्याखाली आडवा झाला. त्या दिवशी तो मऊ भात जेवला, झोपला. शनिवारही बरा गेला.

रविवारी सकाळी अंगावरचं पांघरूण घडी करताना रतनला त्याच्या सदऱ्यावर ओला डाग दिसला. पट्टीच्या एका कडेने पिवळसर पाणी झिरपत होतं. अंग किंचित कोमट लागत होतं.

"अहो, दुखतंय का?"

"कापलंय तर दुखणार नाही का?"

हे उत्तर म्हणजे काहीच नाही, हे रतनला तीस वर्षांच्या संसारात ठाऊक झालं होतं. ती समोरच्या घरात गेली. तिथली ऋतिका नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. पोरगी बाहेर पडायच्या घाईत होती, तरी चप्पल काढून आत आली. वाकून पट्टी बघितली, हात न लावता.

"काकू, डिस्चार्ज आहे हा. थोडा थोडा येतोय. हॉस्पिटलला फोन करून सांगा लगेच. असंच सांगा, थोडा थोडा डिस्चार्ज येतोय. ते सांगतील काय करायचं ते."

"डिस्चार्ज तर शुक्रवारीच झाला की गं."

"तो वेगळा काकू. तुम्ही फक्त फोन करा, मला उशीर होतोय." आणि ती दोन दोन पायऱ्या उतरत गेलीसुद्धा.

रतनने ते वाक्य मनात दोनदा घोळवलं, कुणाचा तरी निरोप पोचवायचा असावा तसं, आणि फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती. मागे गलका चालला होता, आणखी कुठला तरी फोन वाजत होता.

"मी पंढरी शिगवणांच्या घरून बोलतेय. त्यांना डिस्चार्ज... थोडा थोडा डिस्चार्ज येतोय."

"एक मिनिट हां. शिगवण... हो काकू, डिस्चार्ज आहे. शुक्रवारीच झालाय डिस्चार्ज. सगळं क्लिअर आहे."

"हो, पण आमच्या शेजारची मुलगी म्हणाली..."

"काही टेन्शन नका घेऊ. मंगळवारी फॉलोअप आहे, तेव्हा या. ठेवू?"

"ठेवा," रतन म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला खरं तर बरंच वाटलं. हॉस्पिटलवाल्यांना माहीत आहे म्हणजे होत असणार असं. तिने डबीतला कापूस काढला, वरून नवी पट्टी लावली, आणि पेजेचं पातेलं गॅसवर ठेवलं. पंढरी म्हणाला, "सांगितलं ना मी, काय नाय होत. उगाच त्या पोरीचं ऐकून घाबरतेस."

अकराच्या सुमाराला लाइट गेली. रतनचा फोन सकाळपासून शेवटच्या काडीवर होता, तो दुपारी बंद पडला. पंढरीचा फोन तर ऑपरेशनच्या दिवशीच डेपोत बसखाली पडून फुटला होता. दुपारी पंढरीने पेज नको म्हणून सांगितलं. तीन वाजता त्याला हुडहुडी भरली, तेव्हा रतनने त्याच्या अंगावर दोन चादरी घातल्या आणि स्वतः पाय पोटाशी घेऊन शेजारी बसून राहिली. काहीतरी चुकतंय एवढं तिला कळत होतं. पण चुकतंय म्हणून कुणाला सांगायचं? सांगितलं होतं की. ज्यांना सांगायचं त्यांनीच काही नाही म्हटलं होतं.

साडेचारला दारावर थाप पडली. ठोकणारा जोरात ठोकत होता. दारात साईनाथ, हातात हेल्मेट, चार मजले धावत चढल्याने त्याला धाप लागलेली.

"वहिनी, फोन कुठाय तुमचा?"

"बंद पडलाय. लाइट नाही. का हो भावोजी?"

"हॉस्पिटलमधून एक पोरगी तासाभरात चार वेळा मला फोन करतेय. आधी तुम्हाला लावत होती, लागला नाही, म्हणून फाइलमधून माझा नंबर काढलान. विचारतेय, पंढरीच्या टाक्यांतून पाणी, पू असं काही येतंय का. येत असेल तर आत्ताच्या आत्ता घेऊन या म्हणाली. डॉक्टरांना पण तिने बोलावून ठेवलंय. मी कल्याणला घरी होतो, तसाच निघालो."

रतनने पंढरीच्या अंगावरची चादर बाजूला केली. नव्या पट्टीचा आता पत्ताच नव्हता, सगळं ओलं झालं होतं.

साईनाथने खाली जाऊन ओळखीच्या एकाची गाडी मिळवली. वॉचमन विठ्ठल आणि साईनाथ यांनी पंढरीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चारी मजले उतरवलं. प्रत्येक वळणावर विठ्ठल म्हणायचा, "दादा, हात आत घ्या." पंढरी एरवी कुणाला अंगाला हात लावू द्यायचा नाही. त्या दिवशी त्याने डोळे मिटून घेतले होते आणि विठ्ठलच्या गळ्यात हात टाकला होता.

नौपाड्याला पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते. डॉक्टर खरंच थांबलेले होते. त्यांनी दोन टाके सोडले, आत साचलेलं सगळं काढलं, जखम धुतली. अर्ध्या तासाने बाहेर येऊन रतनला म्हणाले, "आज आणलंत ते फार बरं केलंत. साखर चारशेच्या वर गेलीय. उद्यावर गेलं असतं तर मी काही सांगू शकलो नसतो. आता सुधारेल."

रतन बाकावर बसली आणि साईनाथला म्हणाली, "ती मुलगी कोण, भावोजी?"

पण रिसेप्शनवर तेव्हा दुसरंच माणूस होतं. रविवारची मुलगी सहाला घरी जाते, असं समजलं.

पुढचे दोन दिवस रतनचं लक्ष पंढरीच्या तापाकडे होतं. मंगळवारी सकाळी ताप उतरला आणि त्याने स्वतःहून चहा मागितला. चहा आणायला खाली जाताना तिने रिसेप्शनवर एका बारीक, चष्मा लावलेल्या मुलीला फोनवर बोलताना ऐकलं. "एक मिनिट हां," ती म्हणाली, आणि रतनने आवाज ओळखला. ती काउंटरपाशी जाऊन उभी राहिली. मुलीने फोन ठेवून वर पाहिलं.

"मी रतन शिगवण. तुम्ही रविवारी..."

मुलीचा चेहरा एकदम उतरला. ती उभीच राहिली.

"काकू, चूक माझी होती. मला माहितेय. तुम्हाला कम्प्लेंट करायची असेल तर मी आत मॅडमना बोलावते. पण प्लीज, मी मुद्दाम नाही केलं. तीन फोन वाजत होते, मी फक्त तो एक शब्द ऐकला आणि बोलून गेले."

रतनला आधी समजलंच नाही. ती दोन दिवस मनात शब्द जुळवत होती, या मुलीला काय म्हणायचं, कसं म्हणायचं. आणि ही तर रडवेली होऊन माफी मागत होती.

"अगं बाई, कम्प्लेंट कसली?" काउंटरवरून हात पुढे करून तिने मुलीचं मनगट धरलं. "मी तुझे पाय धरायला आलेय."

मुलीचं नाव रुचिता. डोंबिवलीला राहायची, नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झालेले. तिने रतनला आतल्या बाजूला खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं.

"तुमचा फोन ठेवला आणि मी कामाला लागले. विसरले पण. मग अडीचला डबा खायला बसले ना, तेव्हा तुमचं बोलणं परत आठवलं. थोडा थोडा डिस्चार्ज येतोय, असं म्हणालात तुम्ही. मी पोळीचा तुकडा हातात धरून तशीच बसले. म्हटलं, डिस्चार्ज थोडा थोडा कसा मिळेल? माणूस घरी जातो, नाहीतर नाही जात. आणि येतोय काय? डिस्चार्ज होतो, मिळतो, देतात. येतोय असं कोण म्हणतं? मग वॉर्डमध्ये सिस्टर ड्रेसिंगच्या वेळी बोलतात ते आठवलं. डिस्चार्ज आहे, ड्रेसिंग बदला. म्हणजे जखमेतून येतो तो, काकू. डबा तसाच ठेवला. तुमचा फोन लावला तर बंद. परत लावला, बंद. मग फाइल शोधली."

"आणि भावोजींचा नंबर मिळाला."

"ते तर मला पहिल्यांदा ओरडलेच. म्हणाले, मी भाऊ नाही, मित्र आहे. मग लगेच म्हणाले, नाही नाही, भाऊच आहे, बोला तुम्ही."

रतन हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते तिने पुसलंही नाही.

"तुझ्या जागी दुसरी कुणी असती तर डबा खाऊन झोपली असती गं."

"पण पहिल्यांदा मीच चुकले ना."

"चूक माझीपण होतीच की. मला नव्हतं माहीत त्या शब्दाचं असं. मला वाटायचं, डिस्चार्ज म्हणजे घरी जायचं. मी तर आठ दिवस देवाकडे तोच मागत होते." तिने पदराने नाक पुसलं. "कागदावर दोनदा लिहिलेला दिसला होता मला. विचारलं नाही."

रुचिताने तो कागद मागितला. रतनने पिशवीतून काढून दिला. शेवटच्या पानावरची ती ओळ रुचिताने तिला मराठीत वाचून दाखवली: जखमेतून स्राव आल्यास ताबडतोब कळवावे.

"स्राव म्हणजे?" रतनने विचारलं.

तो कागद घेऊन रुचिता सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली. दहा मिनिटांनी डॉक्टर स्वतः बाहेर आले. रतन गडबडून उठायला लागली, तर तेच समोरच्या स्टुलावर बसले.

"शिगवणताई, मी वीस वर्षं हे वाक्य लिहितोय," ते म्हणाले. "कुणी मला विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. तुम्ही सांगा, घरी गेल्यावर तुमच्यासारख्या बाईला कळेल असं काय लिहायचं?"

रतनला आयुष्यात कुणी, काय लिहायचं म्हणून विचारलं नव्हतं. तिने जरा विचार केला.

"पट्टी ओली झाली तर, असं लिहा. पाणी असो, पू असो, रक्त असो, काही चिकट असो. अंग गरम लागलं तर. जेवण नको म्हणाले तर. आणि..." ती थांबली. "आणि खाली लिहा, की फोनवर काही नाही म्हणून सांगितलं, तरी मनाला पटत नसेल तर परत फोन करा."

डॉक्टरांनी मान हलवली. रुचिता पेन घेऊन तिथेच लिहीत होती. शेवटचं वाक्य लिहिताना तिचे कान लाल झाले, पण तिने ते जसंच्या तसं लिहिलं.

पंढरी या खेपेला सात दिवस राहिला. जाताना रतनने रुचिताला काय द्यावं, यावर नवरा-बायकोचं एकमत होईना. पंढरी म्हणाला पाकीट दे. रतनला ते पटेना; पाकीट दिलं की विषय संपतो, म्हणाली. शेवटी तिने गावाहून दिरांनी पाठवलेले फणसाचे तळलेले गरे एका डब्यात भरून दिले आणि घरी जेवायला यायचं कबूल करून घेतलं.

दोन महिन्यांनी, एका रविवारी रुचिताला सुट्टी मिळाली तेव्हा ती आली, आईला बरोबर घेऊन. तिची आई जया डोंबिवलीत एका शिवणाच्या वर्गात कापड बेतायला शिकवायची. गाडी साडेअकराची होती. पंढरी साडेदहालाच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्टेशनवर जाऊन उभा राहिला. रतन बघतच राहिली. जावई पहिल्यांदा आले तेव्हाही हा माणूस घरात पेपर वाचत बसला होता.

स्टेशनवर त्याने रुचिताला ओळखलं. हॉस्पिटलात त्याने तिला नीट पाहिलंही नव्हतं, पण रतनने चष्म्याचं सांगितलं होतं. काय बोलायचं ते त्याने वाटेत ठरवलेलं होतं म्हणे. ऐन वेळी त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच: "पुलावरून दमानं या, उतरताना पायरी फुटलीय."

घरी साईनाथ आधीच येऊन बसला होता. जेवायला कोलंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी. रतन वाढायला उठली तर पंढरीने तिच्या हातातून पळी घेतली. "तू बस त्यांच्याबरोबर," म्हणाला. वाढायची सवय नसल्याने त्याने पहिल्यांदा रुचिताच्या ताटात कालवण भाताऐवजी भाकरीवर ओतलं. मग कोलंबी शोधून शोधून तिच्या आणि तिच्या आईच्या ताटात घालत राहिला. जया नको नको म्हणत होती, तो ऐकत नव्हता. साईनाथ म्हणाला, "अरे, मला पण ठेव दोन." तेव्हा सगळे हसले आणि पंढरीने त्यालाही वाढलं, पण बेताने.

जेवण झाल्यावर जया रतनबरोबर आत भांडी आवरायला आली. रतन नको म्हणत असताना तिने ताटं घासायला घेतलीसुद्धा.

"त्या रविवारी घरी आली ना," जया हळू आवाजात म्हणाली, "तेव्हा मला म्हणाली, आई, मी नोकरी सोडते. माझ्याने होणार नाही. कुणाचं तरी माणूस जाईल माझ्यामुळे. दोन दिवस जेवली नाही नीट. मंगळवारी मीच ढकलून पाठवलं. संध्याकाळी आली आणि म्हणाली, त्या काकूंनी माझा हात धरला. बस, एवढंच. मग जेवायला बसली." तिने ताट विसळून ओट्यावर उभं केलं. "तुम्हाला भेटायचं होतं मला. आमच्या हिला तुम्ही सावरलंत."

रतन इतके दिवस समजत होती, आपण फक्त घेतलंय. आपल्याकडूनही कुणाला काही पोचलंय हे तिला माहीत नव्हतं. तिने जयाच्या हातातलं ओलं ताट घेतलं आणि पुसत राहिली.

संध्याकाळी चहा घेऊन दोघी निघाल्या तेव्हा पंढरीने पुन्हा चपला घातल्या. साईनाथ म्हणाला, "मी सोडतो ना स्टेशनला, तू कशाला जिने उतरतोस?" तर म्हणाला, "मलाच जायचंय." रतन खिडकीत उभी राहिली. खालच्या रस्त्याने तिघं चालत होती. पंढरी रुचिताला हाताने काहीतरी दाखवत होता, बहुतेक बांधकामं, कुठे कुठली बिल्डिंग होणार ते. एरवी दिवसभरात दहा वाक्यं बोलणारा माणूस वळणापर्यंत बोलत गेला.

तो परत आला तेव्हा दिवेलागण झाली होती. शर्ट काढून त्याने खुंटीला लावला आणि पाणी मागितलं.

"गेल्या का नीट?"

"गेल्या. खिडकीत जागा मिळाली." पाणी पिऊन त्याने पेला खाली ठेवला. "तिला म्हटलं, आता रस्ता बघितलायस. फोन न करता आलीस तरी चालेल."

"मग काय म्हणाली?"

"येते म्हणाली," पंढरी म्हणाला.